बर्फावरचीं पावलें : स्कीच्या बुटांना क्रॅम्पॉन कसे जुळवावे ?

हल्लीं आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतील एखादा मुलगा, एखादी पुतणी किंवा नात शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं म्यूनिक, झुरिक, ग्रनोबल अशा शहरीं जाऊन राहिलेली असते. हीं शहरें आल्प्स पर्वताच्या कुशींत तरी आहेत, किंवा तेथून आगगाडीनें तास-दोन तासांच्या अंतरावर तरी आहेत. पुण्याचे लोक सुटीच्या दिवशीं सिंहगडावर जातात तसे तिकडचे लोक हिंवाळ्यांत स्की घेऊन बर्फांत जातात. आपली मंडळीही त्यांच्याबरोबर जाऊं लागतात. पहिल्या वर्षीं तारेवरच्या पाळण्यांत बसून वर जावें आणि घसरत खालीं यावें एवढ्यावरच समाधान असतें. पुढें हौस वाढते, आणि पाळणा सोडून स्वतःच्या पायांनीं डोंगर चढावा व मग स्कीवरून उतरावें अशी इच्छा उत्पन्न होते. यथाकाल घरीं छायाचित्रें येतात. त्यांतील एखाद्यांत बुटांच्या तळाशीं जे लोखंडी दांत चमकतांना दिसतात, त्यांच्याविषयीं प्रस्तुत लेख आहे.

त्या दांतांच्या सांगाड्याला क्रॅम्पॉन म्हणतात. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवली म्हणजे मऊ बर्फाचा चढ स्कीवरूनच चढतां येतो; केस मागच्या बाजूला वळलेले असल्यामुळें स्की पुढें सरकते, मागें घसरत नाहीं. परंतु शिखराजवळ चढ उभा होतो, रात्रीच्या थंडीनें बर्फ दगडासारखा गोठतो, आणि केसाळ पट्टीचा इलाज संपतो. मग स्की काढून पाठीवर बांधावयाची आणि बुटांनींच वर जावयाचें. स्कीचा बूट हा कठीण प्लॅस्टिकचा. त्याचा तळ गोठलेल्या बर्फावर कांचेवर चालल्यासारखा निसटतो. म्हणून त्याच्या खालीं दहा किंवा बारा दांतांचा हा सांगाडा अडकवावा लागतो. शामोनीहून झेरमाटला जाण्याची जी सहा-सात दिवसांची प्रसिद्ध स्कीयात्रा आहे, तींत आर्जांतिएर हिमनदी ओलांडून ३,३२३ मीटर उंचीच्या शार्दोने खिंडीकडे जातांना बहुतेकांच्या पिशवींतून क्रॅम्पॉन बाहेर निघतात. अशा जागीं पाय निसटला तर माणूस कांहीं क्षणांतच मोटारीच्या वेगानें खालीं जातो. पायाखालचा क्रॅम्पॉन ऐन चढावर बुटापासून सुटणें हें पाय निसटण्याहूनही वाईट; कारण ज्याच्यावर विश्वासून आपण सर्व भार टाकलेला असतो तेंच साधन नाहींसें होतें.

असें असूनही दुकानांत क्रॅम्पॉन निवडतांना लोक किंमत पाहतात, वजन पाहतात, कारखान्याचें नांव पाहतात. आणि तो आपल्या बुटाला बसतो कीं नाहीं हें पाहणें मात्र राहून जातें. लग्न जुळवितांना मुलगा उत्तम, मुलगी उत्तम, दोन्हीं घराणीं उत्तम, एवढ्यावर भागत नाहीं. दोघांचें एकमेकांशीं जमेल कीं नाहीं हा प्रश्न वेगळाच राहतो. येथेंही तसेंच आहे. उत्तम बूट आणि उत्तम क्रॅम्पॉन मिळून उत्तम जोडी होईलच असें नाहीं. येथें छत्तीस गुणांचा हिशेब नाहीं. पाहावयाचे गुण तीनच आहेत. परंतु ते तिन्ही जुळले पाहिजेत. तिहींपैकीं दोन जुळले म्हणून चालत नाहीं.

थोडा पूर्वेतिहास

हे तीन गुण समजण्यासाठीं या साधनाचा इतिहास थोडासा पाहणें उपयोगाचें होईल. कल्पना फार जुनी आहे. कॉकेशस पर्वतांतील लोक कच्च्या बैलकातड्याचे, नगाऱ्यासारखे रुंद व काटे लावलेले जोडे पायांस बांधून बर्फांतून डोंगर चढतात, असें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो यानें लिहून ठेविलें आहे. आल्प्समधील गुराखी व शिकारीही चार-सहा काट्यांची चौकट पायाखालीं बांधीत असत.

आजच्या क्रॅम्पॉनचा जनक म्हणून ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज इंजिनियराचें नांव घेतात. रेल्वेच्या कामांत मुरलेला हा गृहस्थ १९०२ सालीं काराकोरममधील के-टू शिखरावर गेलेल्या पहिल्या मोठ्या मोहिमेचा नायक होता. १९०८ मध्यें त्यानें दहा दांतांच्या क्रॅम्पॉनची आखणी प्रसिद्ध केली, आणि इटलींतील कूरमायूर गांवच्या आंरी ग्रिव्हेल नांवाच्या लोहारानें ती घडवून दाखविली. ग्रिव्हेलचें घराणें मूळचें शेतीचीं अवजारें करणारें. त्याचा मुलगा लोरां यानें १९२९ मध्यें सांगाड्याच्या पुढच्या टोंकाला आणखी दोन दांत समोरच्या दिशेनें बसविले. या दोन दांतांनीं मोठीच क्रांति केली. पूर्वीं उभ्या बर्फावर कुऱ्हाडीनें एकेक पायरी खोदीत जावें लागे. आतां बुटाचें टोंक बर्फांत रोंवून शिडी चढल्याप्रमाणें सरळ वर जातां येऊं लागलें.

या फरकाचा रोकडा दाखला १९३८ सालच्या जुलैंत मिळाला. स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराची उत्तरेकडील भिंत तोंपर्यंत कोणी चढलें नव्हतें, आणि तिनें कित्येकांचे बळी घेतले होते. त्या भिंतीवर हेकमायर व फ्योर्ग हे दोन जर्मन आणि कास्परेक व हारर हे दोन ऑस्ट्रियन अशा दोन जोड्या चढूं लागल्या. जर्मनांच्या पायांत नवे बारा दांतांचे क्रॅम्पॉन होते. कास्परेकच्या पायांत दहा दांतांचे जुने. आणि हाररच्या पायांत क्रॅम्पॉन नव्हतेच, खिळे ठोकलेले बूट होते. पुढें निघालेले ऑस्ट्रियन बर्फांत पायऱ्या खोदीत चालले असतां मागून निघालेल्या जर्मनांनीं त्यांना भिंतीवरच गांठलें. मग चौघांनीं एक दोर केला, हेकमायर पुढें झाला, आणि २४ जुलैला ते शिखरावर पोंचले. एकच भिंत, एकच बर्फ, चारही माणसें धैर्यवान. परंतु पायांखालीं काय आहे यावर कोणी पुढें व्हावें हें ठरलें. हाच हारर पुढच्या वर्षीं हिमालयांत आला असतां महायुद्ध सुरू झाल्यामुळें इंग्रजांच्या हातीं सांपडला, आणि त्याला त्या वेळच्या अहमदनगर येथील छावणींत ठेवण्यांत आलें. तेथून गोव्याच्या पोर्तुगीज हद्दींत निसटावें असा विचार त्याच्या मनांत घोळत होता. परंतु पुढें त्याला डेहराडूनला हलविलें, आणि १९४४ मध्यें तेथून पळून तो तिबेटांत गेला.

स्कीचा बूट निराळा कां ?

त्या काळचे बूट चामड्याचे व मऊ. क्रॅम्पॉन चामड्याच्या पट्ट्यांनीं पायाला आंवळून बांधीत. पट्टे कोणत्याही बुटाला बसत. पण ते घट्ट आंवळले तर रक्ताभिसरण मंदावून बोटें गारठत, आणि सैल ठेविले तर सांगाडा हलत असे. पुढें ताठ तळाचे बूट निघाले, त्यांच्या पुढच्या व मागच्या बाजूंस कडा ठेवण्यांत आल्या, आणि त्या कडांना धरून क्रॅम्पॉन खटक्यानें अडकविण्याची युक्ति निघाली. आज बाजारांत तीन प्रकार दिसतात. पहिला, पुढें व मागें दोन्हीकडे पट्ट्यांचा. दुसरा, पुढें मऊ प्लॅस्टिकची टोपली व मागें खटका असलेला. तिसरा, पुढें तारेची कडी व मागें खटका असलेला. स्कीचा बूट मुळींच वांकत नाहीं. म्हणून त्याला सामान्यतः तिसरा प्रकार उत्तम बसतो, असें पुस्तकांतून व दुकानांतून सांगितलें जातें. हें खरें आहे, परंतु अर्धेंच खरें आहे. कारण स्कीचे बूट सर्व एका जातीचे नाहींत.

केवळ उतारासाठीं केलेला बूट जड असतो. त्याचा तळ सपाट, आणि पुढचा ओठ चांगला जाड व चौकोनी असतो. चढ-उतार दोन्हींसाठीं केलेल्या बुटाचा तळ रबरी व नांवेसारखा किंचित् वळलेला असतो. त्याच्या पुढच्या टोंकाला दोन्ही बाजूंस दोन लहान पोलादी खळगे असतात. स्कीवरील चिमट्याच्या दोन खुंट्या त्या खळग्यांत बसतात व टांच उचलतां येते. ही युक्ति ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यानें १९८० नंतरच्या दशकांत काढली, आणि आज ती सर्वत्र रूढ झाली आहे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला कीं, बूट धरण्याचें काम खळगेच करीत असल्यामुळें पुढच्या ओठाची स्कीला गरजच उरली नाहीं. साहजिकच वजन वांचविण्यासाठीं कांहीं कारखान्यांनीं अगदीं हलक्या बुटांचा तो ओठ आंखूड केला, तर कांहींनीं अजिबात काढून टाकला. स्कीचें त्यावांचून अडलें नाहीं. अडलें तें क्रॅम्पॉनचें, कारण त्याची तारेची कडी नेमकी त्याच ओठाला धरीत असे.

तीन गुण

पहिला गुण पुढच्या ओठाचा. बूट हातांत घेऊन टोंकाला कड आहे कीं नाहीं, व असल्यास ती किती खोल आहे, हें बोटानें चांचपून पाहावें. कड असेल तर तारेची कडी तींत दोन्ही बाजूंनीं सारखी बसली पाहिजे. स्कीच्या बुटाचें टोंक गिर्यारोहणाच्या साध्या बुटाहून रुंद असतें. त्यामुळें अरुंद कडी मध्येंच अडकते आणि केवळ दोन बिंदूंवर टेंकते. अशी कडी घरांत घट्ट वाटते, पण आडव्या चढावर पाय तिरका पडला कीं सरकते. पुष्कळ क्रॅम्पॉनना रुंद कडी निराळी मिळते. ती मागून घ्यावी. कडी बसविण्याचीं भोंकें एकाहून अधिक असल्यास, पुढचे दांत बुटाच्या टोंकापुढें सुमारें दोन ते अडीच सेंटिमीटर येतील असें भोंक निवडावें. याहून कमी आले तर उभ्या बर्फांत दांत रुततच नाहींत. फार पुढें आले तर पोटऱ्यांवर विनाकारण ताण पडतो आणि चालतांना अडखळावयास होतें. बुटाला ओठच नसेल तर कडीचा मोह सोडून द्यावा. अशा बुटासाठीं पुढें टोपली व मागें खटका असलेला दुसरा प्रकार, किंवा त्या पोलादी खळग्यांतच अडकणारा खास क्रॅम्पॉन घ्यावा. तार कशीबशी बसवून वरून दोरी आंवळण्याचा उद्योग कोणी करूं नये.

दुसरा गुण टांचेचा. मागचा खटका टांचेच्या कडेवर चढून वरच्या बाजूस मिटतो. तो मिटतांना आंगठ्याचा चांगला जोर लागला पाहिजे आणि 'खट्ट' असा स्पष्ट आवाज झाला पाहिजे. करंगळीनें मिटला तर तो करंगळीएवढ्या धक्क्यानें उघडेलही. खटक्याच्या मागें एक बारीक स्क्रू किंवा खांचा असतात. त्यांनीं तो थोडा पुढें-मागें व कांहींत वर-खालीं करतां येतो. हलक्या बुटांची टांचेची कड उथळ असते. तेथें खटक्याचें टोंक नुसतें टेंकलें आहे कीं खरोखर कडेंत शिरलें आहे, हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें.

तिसरा गुण लांबीचा, आणि येथें पुष्कळांची फसगत होते. स्कीच्या बुटाचें माप पायाच्या लांबीवर, सेंटिमीटरांत दिलेलें असतें. पण क्रॅम्पॉनला पायाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्याचा संबंध बाहेरच्या कवचाच्या तळाशीं. पाय तोच असून साडेसत्तावीस मापाच्या एका हलक्या बुटाचा तळ २९७ मिलिमीटरच्या आसपास, तर त्याच मापाच्या एखाद्या जड बुटाचा ३१५ च्या आसपास असूं शकतो. हा आंकडा बहुधा टांचेजवळ कवचावरच उठविलेला असतो. तोच टिपून घ्यावा. उलट, सव्वीस व साडेसव्वीस हे दोन बूट पुष्कळदा एकाच कवचाचे असतात, केवळ आंतील अस्तर निराळें. क्रॅम्पॉनचे पुढचा व मागचा असे दोन भाग ज्या पट्टीनें जोडलेले असतात ती पट्टी लांब-आंखूड करतां येते. पण मोठ्या बुटाला ती अपुरी पडते, आणि मग निराळी लांब पट्टी घ्यावी लागते. अगदीं शेवटच्या भोंकावर कशीबशी पुरणारी पट्टी ही न पुरणारीच समजावी.

घरच्या फरशीवरील परीक्षा

तिन्ही गुण जुळले असें वाटल्यावर परीक्षा घ्यावी, आणि ती घरींच, उजेडांत, ऊबदार हातांनीं घ्यावी. वाऱ्यांत, जाड हातमोजे घालून, उभ्या चढावर ही परीक्षा होत नसते. घोट्याचा पट्टा न बांधतां केवळ कडी व खटका लावावा, बूट उचलून उलटा करावा आणि जोरानें हलवावा. क्रॅम्पॉन पडतां किंवा खुळखुळतां कामा नये. नंतर बाजूनें पाहावें. सांगाडा व तळ यांच्यामध्यें, विशेषतः टांचेखालीं, मोठी फट दिसतां कामा नये. वळलेल्या तळाच्या बुटांत थोडी फट राहते. पण भार पडल्यावर सांगाडा डुलत असेल तर ती जोडी नापसंत करावी. मग पाय बुटांत घालून, बक्कलें लावून, जिन्याच्या पायरीवर जुनी फळी टाकून तीवर पुढच्या दांतांनीं उभें राहून पाहावें. हें सर्व दोन्ही पायांस निरनिराळें करावें. कारण झिजलेला बूट दोन्हीकडे सारखा झिजत नाहीं. खडकांवरून पुष्कळ चाललेल्या जुन्या बुटाचा ओठ झिजून गोल होतो, आणि गेल्या वर्षीं पक्का बसलेला क्रॅम्पॉन यंदा निसटूं लागतो.

घोट्याच्या पट्ट्याचें काम निराळें आहे. तो सांगाड्याला घट्ट धरण्यासाठीं नसून, खटका चुकून उघडलाच तर क्रॅम्पॉन दरींत जाऊं नये म्हणून आहे. स्कीच्या बुटाचा घोटा बराच जाड असतो, त्यामुळें साध्या बुटांसाठीं केलेला पट्टा कधीं कधीं पुरत नाहीं. हेंही घरींच पाहावें. बक्कल नेहमीं पायाच्या बाहेरच्या अंगास यावें. आंत आलें तर दुसऱ्या पायाचे दांत त्यांत अडकतात. पट्ट्याचें लोंबतें टोंक खोंचून ठेवावें.

पोलाद कीं अ‍ॅल्युमिनियम ?

पोलादी बारा दांतांची जोडी साधारणपणें आठशें ते हजार ग्रॅम भरते. अ‍ॅल्युमिनियमची जवळजवळ निम्मी. पाठीवर ओझें वाहणाऱ्यास हा फरक मोठा आहे, म्हणून स्कीवाले अ‍ॅल्युमिनियमकडे ओढले जातात. गोठलेल्या साध्या हिमासाठीं तें पुरतें. परंतु खडकावर त्याचे दांत लौकर बोथट होतात, आणि निळसर कठीण बर्फांत तें नीट रुतत नाहीं. वाटेंत खडक व कठीण बर्फ दोन्ही असतील तर पोलादच घ्यावें; पुढें पोलाद व मागें अ‍ॅल्युमिनियम असा मध्यम मार्गही आहे. दांत दहा कीं बारा याचा फार विचार करूं नये. पुढचे दोन दांत आडवे व चपटे असावेत म्हणजे हिमांत चांगले धरतात. दुपारच्या ओल्या बर्फाचे गोळे दांतांमध्यें अडकून तळ खडावेसारखा उंच होतो. तो टाळण्यासाठीं खालीं बसवावयाची रबरी किंवा प्लॅस्टिकची तबकडी मिळते, ती त्याच नमुन्याची घ्यावी.

एक घोटाळा येथेंच दूर केला पाहिजे. स्कीच्या खालीं, दोन्ही बाजूंस दांत येतील अशी जी पात्याची चौकट बसवितात, तिलाही बोलण्यांत क्रॅम्पॉनच म्हणतात. जर्मन नांव हार्शआयझन. ती स्कीची वस्तु आहे, बुटाची नव्हे. ती स्कीच्या रुंदीप्रमाणें व चिमट्याच्या नमुन्याप्रमाणें निवडावयाची असते. एक असली म्हणजे दुसरी नको असें नाहीं.

वडील मंडळींनीं काय विचारावें ?

आपल्या एकत्र कुटुंबांत दारामागची छत्री कोणाचीही कोणीही नेतो, आणि त्यांत कोणाचें बिघडत नाहीं. चष्मा मात्र ज्याचा त्यालाच लागतो. क्रॅम्पॉन ही वस्तु छत्रीच्या वर्गांतील नसून चष्म्याच्या वर्गांतील आहे. परदेशीं एका बिऱ्हाडांत राहणारीं मुलें एकमेकांचें सामान मोकळेपणानें वापरतात; हा स्नेह चांगलाच, परंतु मित्राच्या बुटाला जुळविलेला क्रॅम्पॉन आदल्या रात्रीं मागून आणून पिशवींत टाकणें हें धाडस आहे. मागून आणावयाचा तर निदान तीन-चार दिवस आधीं आणावा आणि आपल्या बुटावर नव्यानें जुळवावा. भाड्यानें घ्यावयाचा तर आपले बूट दुकानांत नेऊन तेथेंच बसवून पाहावा. विकत घ्यावयाचा तर बूट आधीं, क्रॅम्पॉन मागून, हा क्रम मोडूं नये.

घरच्या वडील माणसांनीं बर्फ पाहिलेला नसतो. त्यामुळें मुलांच्या या छंदापुढें त्यांना एक तर नुसती काळजी करावी लागते, नाहीं तर नुसतें कौतुक. दोहोंपेक्षां उपयोगी अशी एक गोष्ट त्यांना करतां येईल. पुढच्या वेळीं दूरध्वनीवर "जपून जा" एवढेंच न म्हणतां तीन प्रश्न विचारावेत : क्रॅम्पॉन याच बुटावर बसवून पाहिलेस का ? पट्टा न लावतां उलटा करून हलविलास का ? आणि उद्यां तो चढ सुरू होण्यापूर्वीं, सपाट जागींच घालणार आहेस ना ? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. कारण पुष्कळ जण "आणखी थोडें वर जाऊं" म्हणत स्कीवरच राहतात, आणि जेथें एका पायावर उभें राहणेंही कठीण तेथें पिशवी उघडतात. उत्तर "हो" असें आलें तर फोन ठेवून स्वस्थ झोंपावें. उत्तर देतांना तिकडचा आवाज क्षणभर घुटमळला, तर रात्र अजून बाकी आहे. बूट आणि क्रॅम्पॉन फरशीवर मांडून तिन्ही गुण ताडून पाहावयाला अर्धा तास पुरतो.